कोलोनचा रणगाडा आणि बेट्सचा कॅमेरा

दुसऱ्या महायुद्धातल्या रणगाड्यांच्या आगेकुचीचे एखादे जुने छायाचित्र समोर आले, की आधी विचारावे : ते काढणारा कुठे उभा होता? रणगाडा समोरून अंगावर येताना दिसत असेल, तर कॅमेरावाला त्याच्याही पुढे होता. आणि पुढे खरोखरच शत्रू दबा धरून बसलेला असता, तर तो रस्त्याच्या मधोमध उभा राहून भिंग जुळवत बसला असता का? एवढ्या एका प्रश्नावर ‘आघाडीवरची आगेकूच’ म्हणून वर्षानुवर्षे छापली गेलेली पुष्कळ छायाचित्रे अडखळतात. त्यातले रणगाडे खरे असतात, माणसे खरी असतात, गावही खरे असते. लढाई मात्र तिथून दोन-चार मैल पुढे सरकलेली असते, किंवा अजून सुरूच व्हायची असते.

त्याला कारणही तसेच आहे. खरी आगेकूच सहसा कॅमेऱ्यात मावत नाही. १९४२ च्या ऑक्टोबरातली अल् अलामीनची लढाई घ्या. माँटगोमेरीच्या आठव्या सैन्याने २३ तारखेच्या रात्री दहाच्या आधी तोफा डागायला सुरुवात केली आणि पायदळ व त्यामागून रणगाडे अंधारातच सुरुंगांच्या पट्ट्यात शिरले. काळोख, धूळ आणि मैलोन्‌मैल पसरलेली माणसे, यात टिपणार काय? तरीही त्या लढाईचे सर्वांत गाजलेले छायाचित्र उजेडातले आहे. धुराच्या लोटातून संगिनी रोखून धावत येणारे ऑस्ट्रेलियन सैनिक त्यात दिसतात. ब्रिटिश लष्कराच्या चित्रपथकातला सार्जंट लेन चेटविन याने ते काढले, आणि ते आघाडीच्या मागे, मुद्दाम धूर करून घडवलेले दृश्य होते, हे आता सर्वमान्य झाले आहे. १९४३ साली आलेल्या ‘डेझर्ट व्हिक्टरी’ या माहितीपटाला ऑस्कर मिळाले. त्यातलीही काही दृश्ये वाळवंटापासून दूर, इंग्लंडमधल्या पाइनवुड स्टुडिओत चित्रित झाली होती.

भारताचा अनुभव वेगळा नाही. सप्टेंबर १९६५ मध्ये खेमकरणजवळ असल उत्तरला पाकिस्तानी पॅटन रणगाड्यांचा धुव्वा उडाला. त्या लढाईत भारतीय लष्कराच्या डेक्कन हॉर्स रेजिमेंटचे जुने अमेरिकन शेरमन रणगाडेही होते. पण त्या लढाईचे जे चित्र लोकांच्या मनात बसले आहे, ते भिखीविंडला ओळीने आणून उभ्या केलेल्या पॅटनचे, म्हणजे ‘पॅटन नगर’चे. लढाई संपते, रणगाडे थांबतात, मग छायाचित्रकार पोहोचतो.

म्हणूनच ६ मार्च १९४५ ची कोलोन शहरातली दुपार इतकी मोलाची ठरते. त्या दिवशी एका चिलखती डिव्हिजनची आगेकूच चालू असताना कॅमेरा अगदी योग्य जागी होता, आणि तो ज्याच्या हातात होता तो माणूस विजयाचा क्षण टिपून थांबला नाही.

ऱ्हाइनच्या काठावरचे कोलोन तोवर बॉम्बहल्ल्यांनी खिळखिळे झाले होते. एकाच रात्री एका शहरावर हजार विमाने पाठवण्याचा पहिला प्रयोग ब्रिटिश हवाईदलाने ३० मे १९४२ च्या रात्री केला, तो याच शहरावर. युद्धाच्या सहा वर्षांत अडीचशेहून जास्त हवाई हल्ले झाले. युद्धापूर्वी साडेसात लाखांवर वस्ती असलेल्या या शहराच्या पश्चिम भागात अमेरिकन सैन्य शिरले, तेव्हा चाळीसेक हजार माणसे उरली होती, आणि त्यातली बहुतेक तळघरांत राहत होती. त्याच महिन्यात लंडनच्या ‘ऑब्झर्व्हर’साठी जॉर्ज ऑर्वेल तिथे पोहोचला, ली मिलर आणि मार्गारेट बर्क-व्हाइट या छायाचित्रकारही आल्या. सगळ्यांच्या चित्रांत आणि मजकुरात मैलभर पसरलेले ढिगारे आहेत आणि त्यांच्यावर उभे असलेले दोन सुळक्यांचे कॅथीड्रल आहे. १५७ मीटर उंचीची ही इमारत डझनभर मोठे बॉम्ब अंगावर घेऊनही पडली नव्हती. त्यातल्या एका मनोऱ्याच्या बुंध्याला पडलेले भगदाड १९४३ मध्ये घाईघाईने विटा रचून बुजवले होते. ते विटांचे ठिगळ पुढे साठ वर्षे तसेच राहिले.

या शहरावर चालून आलेली तिसरी आर्मर्ड डिव्हिजन ‘स्पिअरहेड’ या टोपणनावाने ओळखली जाई. १९४१ च्या एप्रिलमध्ये लुइझियाना राज्यात ती उभी राहिली, जून १९४४ च्या अखेरीस नॉर्मंडीत लढाईत उतरली, आणि सप्टेंबरात जर्मनीची सरहद्द ओलांडणाऱ्या पहिल्या अमेरिकन तुकड्यांत होती. कमांडर होता मेजर जनरल मॉरिस रोझ, एका ज्यू धर्मगुरूचा मुलगा. मागे मुख्यालयात बसून नकाशे पाहणे त्याच्या स्वभावात नव्हते. तो जीपमधून आघाडीच्या तुकडीच्या पाठोपाठ फिरे.

‘डिव्हिजन’ म्हटले, की छायाचित्र पाहणाऱ्याच्या मनात रणगाड्यांची रांग उभी राहते. प्रत्यक्षात हा साडेचौदा हजार माणसांचा पसारा होता. रणगाड्यांच्या दोन रेजिमेंट, गाड्यांतून फिरणारी पायदळाची एक रेजिमेंट, तोफखाना, पूल बांधणारे इंजिनिअर, बिनतारी संदेशवाले, डॉक्टर आणि दुरुस्तीची भली मोठी बटालियन. मध्यम वजनाचे रणगाडे मंजूर होते २३२. लढताना हे सगळे एका रांगेत कधीच जात नसत. काही रणगाडे, काही पायदळ, थोडे इंजिनिअर अशा मिश्र तुकड्या बनत, आणि त्या तुकडीला तिच्या प्रमुखाचेच नाव मिळे. शहरात तर रणगाडा एकटा म्हणजे आयता बळी. तळघराच्या खिडकीत पँझरफाउस्ट हे रणगाडाभेदी हत्यार घेऊन बसलेला एखादा पोरगाही तो उडवू शकत असे. म्हणून कोलोनच्या गल्ल्यांतली छायाचित्रे नीट पाहिली, की भिंतीला चिकटून चालणारे पायदळवाले दिसतात. रणगाडा त्यांना आडोसा देतो आणि ते रणगाड्याचे डोळे होतात.

आणखीही पुष्कळ दिसते, पाहणाऱ्याला सवड असेल तर. रणगाड्याच्या पाठीवर बांधलेल्या वळकट्या, ताडपत्री, पाण्याचे आणि पेट्रोलचे डबे, शिध्याच्या पेट्या, कुठल्या तरी घरातून उचललेली खुर्ची. पाच माणसांचा संसार त्या लोखंडाच्या पाठीवर लादलेला असे, कारण आत गोळ्यांशिवाय कशाला जागा नव्हती. कुठे पुढच्या बाजूला जादा पोलादी पत्रे डकवलेले दिसतात, कुठे वाळूच्या पिशव्या. ही रणगाडेवाल्यांची स्वतःची तजवीज होती. शेरमनचे चिलखत जर्मन तोफेपुढे टिकत नाही हे त्यांना कारखानदारांच्या आधी कळले होते. पाठीवर कधी झगझगीत रंगाचे कापड ताणलेले असते. कृष्णधवल चित्रात ते करडे दिसते. वर घिरट्या घालणाऱ्या आपल्याच विमानांनी आपल्यावर बॉम्ब टाकू नये म्हणून ते असे.

जे दिसत नाही ते बेल्टन कूपर या तरुण अधिकाऱ्याने लिहून ठेवले. तो याच डिव्हिजनच्या दुरुस्ती विभागात होता आणि रोज रात्री निकामी रणगाड्यांची यादी घेऊन आघाडीवरून मागे जाण्याचे काम त्याच्याकडे असे. त्याच्या हिशेबाप्रमाणे २३२ शेरमन घेऊन लढाईत उतरलेल्या या डिव्हिजनचे युद्ध संपेपर्यंत ६४८ शेरमन पूर्ण नष्ट झाले आणि आणखी ७०० मार खाऊन, दुरुस्त होऊन पुन्हा रस्त्यावर आले. म्हणजे आगेकुचीच्या छायाचित्रात दिसणारा रणगाडा बऱ्याचदा दुसऱ्या, तिसऱ्या हातचा असे. आधीची माणसे त्यातच गेलेली असत. रणगाडा कार्यशाळेत आला, की पहिल्यांदा आत राहिलेले अवशेष काढावे लागत, मग धुणे, मग भोकाला ठिगळ जोडणे, आणि शेवटी आतून सगळीकडे ताजा रंग. नव्या माणसांना आधीच्या माणसांचा वास येऊ नये, म्हणून हा रंग. कूपरच्या पुस्तकातला हा तपशील वाचल्यावर रणगाड्यांच्या रांगेकडे पूर्वीच्या नजरेने पाहता येत नाही.

सप्टेंबर १९४४ मध्ये फ्रान्स आणि बेल्जियम ओलांडून ही डिव्हिजन जर्मन तटबंदीपाशी पोहोचली, तेव्हा चालू स्थितीत जेमतेम पाऊणशे रणगाडे उरले होते. बाकीचे वाटेत पडले होते, काही शत्रूच्या माऱ्याने, काही इंजिन आणि पट्टे झिजून. पेट्रोलचा तुटवडा होताच. पुढचे पाच महिने तटबंदी, चिखल, आर्देनच्या जंगलातला हिवाळा यातच गेले. ऱ्हाइन गाठायला मार्च उजाडला.

त्याआधी फेब्रुवारीत एक नवी गोष्ट आली. शेरमनची ७५ मिलिमीटरची तोफ जर्मन पँथर रणगाड्याच्या पुढच्या चिलखतावरून घसरून जाते, ही तक्रार नॉर्मंडीपासून होती. तिच्यावरचा तोडगा म्हणून अमेरिकेने ९० मिलिमीटर तोफेचे, चाळीस टनांवर वजनाचे वीस नवे पर्शिंग रणगाडे युरोपात पाठवले. दहा नवव्या आर्मर्ड डिव्हिजनला मिळाले, दहा तिसरीला. शेकडो रणगाड्यांत दहा, म्हणजे नावालाच. तरी त्यांतला एक ३२ व्या रेजिमेंटच्या ‘ई’ कंपनीकडे आला. नाव ‘ईगल ७’. कमांडर सार्जंट रॉबर्ट अर्ली, गनर क्लॅरेन्स स्मॉयर. स्मॉयर पेनसिल्व्हेनियातल्या एका छोट्या गावचा, वय २१.

आणि जिम बेट्स. टेक्निकल सार्जंट बेट्स हा १६५ व्या सिग्नल फोटो कंपनीतला. अमेरिकन लष्करात छायाचित्रणाचे काम सिग्नल कोरकडे, म्हणजे तारा-बिनतारीवाल्यांच्या खात्याकडे होते, आणि त्यांच्या फोटो कंपन्यांतली माणसे आघाडीच्या वेगवेगळ्या तुकड्यांबरोबर जात. स्थिर छायाचित्रे काढणाऱ्यांकडे बहुधा स्पीड ग्राफिक हा जड कॅमेरा असे. त्यात एकदा दोनच कोरे पत्रे बसत : एक टिपा, पत्रा उलटा करा, दुसरा टिपा. चलत्‌चित्रवाल्यांकडे बेल अँड हॉवेलचा आयमो. बेट्स आयमोवाला. शंभर फुटांची रीळ एक मिनिट होऊन थोडा वेळ गेला की संपते, आणि कॅमेरा स्प्रिंगवर चालतो, किल्ली एकदा भरली की अर्ध्या मिनिटाच्या आसपास. त्यामुळे बटण केव्हा दाबायचे हा त्या कामातला खरा निर्णय होता. आधी दाबले तर नेमक्या क्षणी स्प्रिंग उतरणार, उशिरा दाबले तर क्षण गेला. शिवाय प्रत्येक रिळाबरोबर जागा, तारीख, तुकडी यांची टाचणवजा नोंद पाठवावी लागे. मागे सेन्सॉर बसलेला असे.

६ मार्चच्या दुपारी बाराच्या सुमारास जर्मनांनी ऱ्हाइनवरचा होहेनझोलर्न पूल स्वतःच उडवला. अमेरिकनांना पलीकडे जाता येऊ नये हा हेतू. पण त्यामुळे पश्चिम तीरावर मागे राहिलेल्या मोजक्या जर्मन रणगाड्यांचीही परतीची वाट तुटली. त्यांतला एक पँथर कॅथीड्रलच्या समोरच्या रस्त्यावर येऊन थांबला. हा तपशील महत्त्वाचा आहे. गाजलेल्या दृश्यात जो जर्मन रणगाडा पहारेकऱ्यासारखा ठाण मांडून बसलेला दिसतो, त्याला जायला जागाच उरली नव्हती.

अर्ली आणि बेट्स पायी पुढे गेले. चौकाच्या कोपऱ्यावरच्या एका मोठ्या इमारतीत शिरून त्यांनी वरच्या मजल्यावरून पँथर पाहून घेतला. अर्ली परत आपल्या रणगाड्याकडे गेला. बेट्स तिथेच थांबला, खिडकीपाशी, पँथरच्या बाजूला, मधे भिंतीशिवाय काहीही नसताना. पर्शिंग गल्लीतून चौकाकडे सरकला. बेत असा होता, की नाक जेमतेम बाहेर काढायचे, पँथरच्या कुशीत गोळा घालायचा आणि मागे यायचे. पण कोपऱ्यावर येताच स्मॉयरला दुर्बिणीतून दिसले, की पँथरची तोफ त्यांच्याच दिशेने वळलेली आहे. थांबून नेम धरायला वेळ नव्हता. चालत्या रणगाड्यातूनच त्याने पहिला गोळा सोडला. मग दुसरा. मग तिसरा.

बेट्सच्या चित्रणात हे सगळे आहे. तोफेच्या हबक्याने चित्र हादरते, रस्त्यावरची धूळ उसळते, पँथरच्या अंगातून गोळा आरपार जातो, झाकणे उघडतात, माणसे उड्या टाकतात आणि मग आतून ज्वाळा. पँथरच्या कमांडरने गोळी का झाडली नाही? असा अमेरिकन रणगाडा त्याने कधी पाहिलाच नव्हता, म्हणून तो आपलाच समजून त्याने हात आखडला, असे सांगितले जाते. नव्या रणगाड्याचा त्या दिवशी उपयोग झाला तो तोफेइतकाच अनोळखी आकारामुळेही, असे म्हणायला जागा आहे.

न्यूजरीलला यापेक्षा अधिक काय हवे होते? काही आठवड्यांतच अमेरिकेतल्या चित्रपटगृहांत हे दृश्य दिसले. जर्मनीचे चौथ्या क्रमांकाचे शहर, आभाळाला भिडणारे कॅथीड्रल, जळणारा पँथर. जळून गेलेला तो सांगाडा पुढे बराच काळ जागचा हलला नाही. येणारा-जाणारा प्रत्येक सैनिक त्याच्यासमोर छायाचित्र काढून घेई. आजही जुन्या छायाचित्रांच्या बाजारात पँथर आणि मागे दोन मनोरे असलेली चित्रे सापडतात, आणि त्यांच्या पाठीवर बऱ्याचदा चुकून ‘टायगर’ असे लिहिलेले असते. मित्रराष्ट्रांच्या सैनिकांच्या लेखी त्या वर्षी प्रत्येक मोठा जर्मन रणगाडा टायगरच होता.

पण त्या दिवशी काढलेल्या रिळांत एवढेच नव्हते.

द्वंद्वाच्या थोडे आधी त्याच भागात, कोमोडियनस्ट्रासे या रस्त्याने, ‘एफ’ कंपनीचे दोन शेरमन कॅथीड्रलकडे निघाले होते. ढिगाऱ्याने वाट अडवली म्हणून ते थांबले. कॅथीड्रलच्या बाजूने पँथर पुढे आला आणि त्याने पहिल्या शेरमनवर गोळे सोडले. कमांडर लेफ्टनंट कार्ल केलनर झाकणातून कसाबसा बाहेर पडला. त्याचा एक पाय गुडघ्याखाली नव्हता. चित्रणात तो रणगाड्यावरून खाली येताना दिसतो, आणि त्या तुटलेल्या पायातून धूर निघतो आहे. जवळच ‘स्टार्स अँड स्ट्राइप्स’चा वार्ताहर अँडी रूनी होता, पुढे अमेरिकन दूरचित्रवाणीवर घराघरांत पोहोचलेला तोच रूनी. तो आणि आणखी काही जण मदतीला धावले, पण केलनर वाचला नाही. कोणाला डोळ्यांदेखत मरताना पाहण्याची ती आपली पहिलीच वेळ, असे रूनीने नंतर लिहिले आहे. केलनरला सैनिकातून अधिकारी होऊन दोन-तीन आठवडेच झाले होते. त्याच्या रणगाड्यातली आणखी दोन माणसे बाहेर पडलीच नाहीत.

पर्शिंगने पँथर उडवला तो या पार्श्वभूमीवर. एका बाजूचे तीन गोळे दुसऱ्या बाजूच्या गोळ्यांना उत्तर होते. न्यूजरीलच्या कात्रीने हा आधीचा भाग बाजूला पडला की मागे उरतो तो फक्त पराक्रम, आणि पराक्रमाची किंमत कोणी दिली ते कळत नाही. युद्धकाळातल्या सरकारी यंत्रणेने असे करणे समजू शकते. त्या काळच्या प्रेक्षागृहांत केलनरच्या वयाच्या मुलांच्या आया बसलेल्या असत. पण ऐंशी वर्षांनंतरही तोच तीस सेकंदांचा तुकडा तोडून, त्यावर ढणढणणारे संगीत घालून दाखवला जातो, हे मात्र बेट्सच्या कामावर अन्याय करणारे आहे.

तिसरी गोष्ट तर कित्येक दशके कोणाच्या ध्यानातच आली नव्हती. त्याच दिवशी, त्याच भागातल्या एका चौकात, दोन्हीकडचे रणगाडे एकमेकांचा माग काढत असताना एक काळी ओपेल मोटार भरधाव मधे घुसली. गाडीत एक दुकानदार आणि त्याच्या दुकानात काम करणारी सव्वीस वर्षांची तरुणी होती. गोळ्यांच्या माऱ्यात दुकानदार ठार झाला, तरुणी जबर जखमी झाली. बेट्सच्या चित्रणात अमेरिकन वैद्यकीय पथकातले सैनिक रस्त्यावर पडलेल्या त्या मुलीवर वाकून मलमपट्टी करताना दिसतात. तीही वाचली नाही.

कुठल्याही विजयपटात या दृश्याला जागा नव्हती. बेट्सला त्याचा युद्धाच्या दृष्टीने काही उपयोगही नव्हता. रीळ मोजकी, दिवस धोक्याचा. तरीही त्याने ते टिपले, टाचण लावून पाठवले, आणि सिग्नल कोरने ते फेकून न देता क्रमांक घालून ठेवले. युद्धकाळातली सरकारी छायाचित्रणाची यंत्रणा प्रचाराचे काम करत होती हे खरे. पण तिच्या हिशेबी, कारकुनी बाजूने जे सांभाळून ठेवले, त्याने पुढे प्रचाराचीच उलटतपासणी करता आली. वॉशिंग्टनजवळच्या कॉलेज पार्क इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात सिग्नल कोरची चित्रे आणि फिल्म आज कोणालाही पाहता येतात. सरकारी नोकराने सरकारी कामात काढलेले चित्र म्हणून त्यांच्यावर हक्कशुल्कही नाही. कोलोनचे माहितीपटकार हेर्मान राइनडॉर्फ यांनी १९४५ च्या शहराची अशी विखुरलेली रिळे गोळा केली, कोणते दृश्य कोणत्या कोपऱ्यावरून टिपले आहे ते आजच्या रस्त्यांशी ताडून पाहिले, आणि त्या दुपारचा घटनाक्रम पुन्हा जुळवला. तेव्हा कुठे शेरमन, पँथर आणि ती मोटार एकाच गोष्टीत आली.

डिव्हिजन तोवर पुढे निघून गेलेली होती. कोलोननंतर तीन आठवड्यांनी, २९ मार्चला, तिने एका दिवसात नव्वद मैलांच्या आसपास मजल मारली. युरोपातल्या युद्धात दोस्त सैन्याच्या कुठल्याही तुकडीची एका दिवसातली ती सर्वांत लांब धावांपैकी एक. गती इतकी, की पुढचे कोण आणि मागचे कोण याचा मेळ राहिला नाही. दुसऱ्याच दिवशी पाडरबोर्नजवळ संध्याकाळच्या अंधारात जनरल रोझची जीप जर्मन रणगाड्यांच्या मधोमध सापडली आणि तो तिथेच मारला गेला. युरोपच्या रणभूमीवर शत्रूच्या गोळीने मेलेला तो सर्वांत वरिष्ठ अमेरिकन अधिकारी. ११ एप्रिलला याच डिव्हिजनच्या तुकड्या नॉर्डहाउसेनच्या छळछावणीत पोहोचल्या. तिथली हजारो प्रेते आणि त्यांच्यात अजून जिवंत असलेली माणसे यांची छायाचित्रे सिग्नल कोरने काढली, आणि ती कोलोनच्या रणगाड्याच्या शेजारी ठेवून पाहायला हवीत. ही आगेकूच कशासाठी होती, याचे उत्तर त्यांत आहे.

पुढे शीतयुद्धात ही डिव्हिजन पुन्हा पश्चिम जर्मनीत तळ ठोकून होती. १९५८ मध्ये तिच्या ३२ व्या आर्मरच्या एका बटालियनमध्ये एल्व्हिस प्रेस्ली हा गायक सक्तीच्या सैनिकी सेवेसाठी दाखल झाला, आणि त्याची लष्करी गणवेशातली छायाचित्रे जगभर छापून आली. केलनर आणि स्मॉयर ज्या ३२ व्या रेजिमेंटचे, त्याच नावाचा वारसा.

स्मॉयर युद्ध संपल्यावर पेनसिल्व्हेनियात परतला, सिमेंटच्या कारखान्यात नोकरी केली आणि त्या दुपारबद्दल फारसे बोलला नाही. म्हातारपणी त्याने बेट्सचे चित्रण पाहिले. त्यात ती मोटार होती. त्या मोटारीवर आपणही गोळ्या झाडल्या होत्या, हे त्याला आठवत होते. आत कोण होते, हे त्याला तोवर माहीत नव्हते. पँथरचा नाश करणाऱ्या माणसाला त्यानंतर छळले ते पँथरने नव्हे, त्या मुलीने. २०१३ मध्ये, नव्वदीच्या घरात असताना, तो कोलोनला गेला. तिथे त्याला गुस्ताव शेफर भेटला. त्या दिवशी समोरच्या बाजूच्या एका जर्मन रणगाड्यात तो होता, आणि त्याच्या रणगाड्यातूनही त्या मोटारीवर मारा झाला होता. दोन म्हाताऱ्यांनी एकमेकांचे ऐकून घेतले आणि मिळून तिच्या दफनाच्या जागी फुले वाहिली. त्यानंतर शेफर असेपर्यंत दोघांचा पत्रव्यवहार चालू राहिला.

या सगळ्याची हकिगत अ‍ॅडम मेकोस या लेखकाने २०१९ साली ‘स्पिअरहेड’ या पुस्तकात लिहिली, आणि स्मॉयरच्या रखडलेल्या पदकाचा पाठपुरावाही केला. १९४५ मध्ये त्याला ब्राँझ स्टार मिळायचे होते. पण त्याआधी कोलोनच्या रस्त्यावर काही जर्मन पोरांनी त्याच्याकडे च्युइंगम मागितले, तो त्यांच्याशी बोलत उभा राहिला, आणि लष्करी पोलिसांनी ते पाहिले. शत्रुराष्ट्राच्या नागरिकांशी बोलायला तेव्हा मनाई होती. पदक हुकले. सप्टेंबर २०१९ मध्ये वॉशिंग्टनच्या महायुद्ध स्मारकावर ते त्याला देण्यात आले तेव्हा तो ९६ वर्षांचा होता. त्याच समारंभात ‘ईगल ७’ मधल्या आणखी तिघांना, म्हणजे गोळे भरणारा डी रिगी, चालक मॅकवे आणि सहचालक डेव्हिस यांना, मरणोत्तर तेच पदक जाहीर झाले.